नोटपॅड प्लस प्लसचे रंग आणि फॉन्ट पुन्हा पुन्हा उडतात? या क्रमाने तपासा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. अकरा मशीन आहेत, त्यातल्या सात ४ जीबी रॅमच्या. पोरांना एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) शिकवायला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या याद्या, मसुदे टाइप करायला आम्ही नोटपॅड प्लस प्लस हा मजकूर लिहायचा एडिटर वापरतो. फुकट आहे, २००३ पासून टिकून आहे आणि म्हाताऱ्या मशीनवरही धापा टाकत नाही.

त्याच्या दिसण्याची तक्रार मात्र आठवड्यातून एकदा तरी येतेच. फोन उचलला की पलीकडून, "सर, काल तं काळं करून देलं होतं ना तुमी. आज पुन्हा पांढरं फट्टक झालं." सुरुवातीला मी दर वेळी जाऊन रंग नव्याने लावून द्यायचो. एका गुरुजींकडे त्याच कामासाठी चौथ्यांदा चौदा किलोमीटर गाडी मारली, तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. रंग लावून देणं सोपं आहे, तो का उडतो ते कोणी बघतच नव्हतं. त्यात मीही आलोच. खालचा क्रम तेव्हापासूनचा आहे. फुकटातलं आणि मिनिटभराचं आधी, पैसे लागणारं शेवटी.

फाइलींची नावं इथे बोलताना म्हणतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत आणि 'डॉट'च्या जागी टिंब.

लक्षणं

तक्रार एकच ऐकू येते, पण मशीनसमोर बसलं की ती वेगवेगळी निघते. तुमची कोणती ते आधी ठरवा.

- अक्षरं एकाएकी मुंगीएवढी किंवा भेंडीएवढी झाली, रंग मात्र जसेच्या तसे.
- रंग-फॉन्ट बदलले, चांगले दिसले, एडिटर बंद करून उघडला की जुनं रूप परत.
- कॉन्फिग फाइल (एडिटर आपल्या निवडी जिथे साठवतो ती) हाताने बदलून सेव्ह केली, काही फरक नाही. पुन्हा उघडून बघितली तर तुमची ओळच गायब.
- पार्श्वभूमी काळी केली, पण शब्दांच्या मागे पांढरी ठिगळं राहिली.
- एडिटर उघडतानाच स्टायलर्स डॉट एक्सएमएल (रंग-फॉन्टची फाइल) लोड झाली नाही असा संदेश येतो.
- एका लॉगिनवर बरोबर, दुसऱ्यावर नाही.
- इंग्रजी नीट, मराठीच्या जागी चौकोन, सुटे काने-मात्रा किंवा भलतीच चिन्हं.
- लाइन गेली की दुसऱ्या दिवशी हमखास होतं.

हे शेवटचं कोणी आपणहून सांगत नाही. एडिटरच्या रंगाचा आणि लाइनीचा संबंध असेल असं कोणाच्या मनातच येत नाही. म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो.

झूम, आणि 'सेव्ह अँड क्लोज'

नुसता आकार बिघडला असेल तर कॉन्फिगला हात लावू नका. कंट्रोलची कळ दाबलेली असताना माऊसचं चाक फिरलं की झूम बदलतो आणि तो पुढच्या वेळीही तसाच राहतो. कंट्रोल धरून नंबरपॅडवरची भागाकाराची कळ दाबा, झूम मूळ जागी येतो. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर व्ह्यू मेनूतल्या झूममध्ये तोच पर्याय आहे.

हे पहिल्यांदा का बघायचं? झूम आणि फॉन्टचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झूम कमी झालेला असताना कोणी फॉन्ट १० वरून २४ करून ठेवतो. मग महिन्याभराने चुकून झूम सरळ होतो आणि एका ओळीत चार शब्द मावतात. बिघाड एक होता, आता दोन.

दुसरी गोष्ट, सेटिंग्ज मेनूतल्या स्टाइल कॉन्फिगरेटरमध्ये रंग निवडला की तो लगेच पडद्यावर दिसतो. लोकांना वाटतं झालं, आणि ते कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारतात. तिथे 'सेव्ह अँड क्लोज'च दाबावं लागतं, नाहीतर ते सगळं रद्द होतं. वर्गातल्या निम्म्या तक्रारी मी या एका बटणावर मिटवल्या आहेत.

एडिटर नीट बंद होतो का?

नोटपॅड प्लस प्लस बऱ्याच निवडी, म्हणजे कोणती थीम (रंग-फॉन्टचा तयार संच) चालू आहे, डार्क मोड आहे की नाही वगैरे, साधारणपणे बंद होताना कॉन्फिग डॉट एक्सएमएलमध्ये लिहितो. बंद व्हायला वेळच मिळाला नाही तर लिहिणार कधी? आमच्याकडे साडेपाचला क्लास सुटला की पोरं सरळ बोर्डावरचं बटण बंद करून बॅग उचलतात. दिवसभर बदललेलं तिथेच जातं.

तपासणी सोपी आहे. एक लहानसा बदल करा, फाइल मेनूतून बाहेर पडा, पुन्हा उघडा. बदल राहिला तर एडिटर निर्दोष आहे. मशीन कशी बंद होते ते बघा.

आणखी एक कारण या शाळा-क्लासवाल्या मशीनवर असतं. पोरांनी काही बिघडवू नये म्हणून काही ठिकाणी ड्राइव्ह गोठवून ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. मशीन पुन्हा सुरू झाली की सगळं पहिल्यासारखं होतं, कारण त्याचं कामच ते आहे. डेस्कटॉपवर एक रिकामी फाइल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. फाइल गायब झाली तर उत्तर मिळालं. ते सॉफ्टवेअर ज्याने टाकलं त्यालाच उघडायला सांगा, तुम्ही काढायच्या भानगडीत पडू नका.

तुम्ही बदलताय तीच फाइल एडिटर वाचतोय का?

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नक्कल. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत पर्सेंटचं चिन्ह, मग अ‍ॅपडेटा, मग पुन्हा पर्सेंटचं चिन्ह असं सलग टाइप करून एंटर. तिथे नोटपॅड प्लस प्लस नावाचं फोल्डर दिसेल. ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. पुढे काहीही चुकलं तरी इथवर परत येता येतं.

आता चुका, ज्या मी स्वतः केल्या त्या क्रमाने.

कॉन्फिग डॉट एक्सएमएल मी नोटपॅड प्लस प्लसमध्येच उघडली, बदलली, सेव्ह केली, एडिटर बंद केला. पुन्हा उघडला तर बदल नाही. दोन-तीनदा केलं, मग मशीनलाच शिव्या घातल्या. झालं असं होतं की बंद होताना एडिटरने स्वतःच्या डोक्यातल्या जुन्या निवडी त्याच फाइलवर लिहिल्या आणि माझी ओळ पुसली गेली. ही फाइल बदलायची तर नोटपॅड प्लस प्लसच्या सगळ्या खिडक्या बंद करा आणि विंडोजच्या साध्या नोटपॅडने उघडा.

दुसरी चूक थीमची. रंग आणि फॉन्ट स्टायलर्स डॉट एक्सएमएलमध्ये असतात असं सगळीकडे सांगतात. खरं आहे, पण मूळची थीम चालू असेल तरच. तुम्ही वेगळी थीम निवडली असेल तर तिची फाइल थीम्स नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि स्टायलर्सकडे एडिटर ढुंकूनही बघत नाही. आवृत्ती ८ पासून डार्क मोड आला. तो लावला की एडिटर आपणहून डार्क मोडची थीम घेतो, म्हणजे फाइलही बदलते. नव्या आवृत्त्यांत विंडोजच्या मागे जा असाही पर्याय आहे. तो लावलेला असेल तर कोणी विंडोज उजळ केली की एडिटरही उजळ. स्टाइल कॉन्फिगरेटर उघडून सगळ्यात वर 'सिलेक्ट थीम'समोर कोणतं नाव आहे ते वाचा. त्या नावाची फाइल बदला, दुसरी नाही.

तिसरी चूक नक्कल उतरवण्याची. क्लासच्या एका मशीनवर सगळं मनासारखं लावलं आणि कॉन्फिग डॉट एक्सएमएल बाकी दहांवर टाकली. सात ठिकाणी थीम लागली, तीन ठिकाणी मूळची पांढरी. त्या फाइलीत निवडलेल्या थीमचा पूर्ण पत्ता असतो आणि त्या पत्त्यात विंडोजच्या वापरकर्त्याचं नाव येतं. सात मशीनवर नाव एकच होतं, तीनवर वेगळं. पत्त्यावर फाइल सापडली नाही की एडिटर काही न बोलता मूळच्या रूपावर जातो. अशा मशीनवर थीम मेनूतूनच एकदा निवडावी.

हे सगळं बघूनही मेळ बसत नसेल तर मेनूच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, त्यात 'डीबग इन्फो' उघडा. तिथे दोन ओळी वाचायच्या. 'लोकल कॉन्फ मोड' चालू असेल तर एडिटर अ‍ॅपडेटामधलं काहीच वाचत नाही, जिथे तो बसवला आहे त्याच फोल्डरमधल्या फाइली वाचतो. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रती अशाच असतात. 'अ‍ॅडमिन मोड' चालू दिसला तर विचारा की उघडताना कोणाचा पासवर्ड टाकला. दुसऱ्या खात्याच्या पासवर्डने उघडलं की अ‍ॅपडेटाही त्या दुसऱ्या खात्याचा. प्रेफरन्सेसमध्ये क्लाउडचं पान आहे, तिथे एखाद्या फोल्डरचा पत्ता भरलेला असेल तर सेटिंग्ज तिथून येतात. एका पोराने घरी लॅपटॉपवर हे लावलं होतं. नेटपॅक संपला की त्याचं फोल्डर जुळायचं थांबायचं आणि तो मला येऊन सांगायचा की एडिटरला विसरभोळेपणा झालाय.

काळ्यावर पांढरी ठिगळं

हा बिघाड नाही, पण तक्रार येते म्हणून लिहितो. ज्या गुरुजींचा उल्लेख वर केला, ते निवृत्त आहेत आणि गावाच्या जुन्या विहिरी, आमराया, पांदण रस्ते यांच्या नोंदी टाइप करतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना पांढरा पडदा सोसत नाही. काळ्यावर पिवळी अक्षरं, आकार १८.

मी स्टाइल कॉन्फिगरेटरमध्ये 'डिफॉल्ट स्टाइल'ची पार्श्वभूमी काळी केली. साध्या मजकुराला जमलं. पण त्यांच्या नातवाची एचटीएमएल फाइल उघडली की प्रत्येक टॅगमागे पांढरी पट्टी, भिंतीवर चुन्याचे पोचारे मारल्यासारखी. कारण थीमच्या फाइलमध्ये एचटीएमएलसारख्या प्रत्येक भाषेच्या प्रत्येक प्रकारच्या शब्दाला स्वतःचा पार्श्वभूमीचा रंग दिलेला असतो. त्या शेकडो ओळी बदलत बसू नका. 'ग्लोबल ओव्हरराइड'मध्ये रंग, फॉन्ट आणि आकार ठरवा आणि बाजूच्या चौकटींमध्ये खूण करा. खूण केली नाही तर तो रंग नुसता ठरवलेला राहतो, लागत नाही.

यात तोटा आहे. अक्षरांचा रंगही असाच सगळीकडे एक केला तर टॅग, आकडे, शेरे सगळे एका रंगात दिसतात. गुरुजींना ते चालतं, एचटीएमएल शिकणाऱ्या पोराला चालणार नाही. त्याला तयार गडद थीम द्या.

फाइल मोडली आहे का?

उघडताना संदेश येत असेल तर फाइल वाचता येत नाही असाच अर्थ. ती एक्सएमएल आहे, एक अवतरणचिन्ह चुकलं तरी अख्खी फाइल नापास. डोळ्यांनी शोधू नका. फाइल ओढून ब्राउझरच्या खिडकीत टाका. मोडली असेल तर ब्राउझर कितव्या ओळीत, कितव्या अक्षराला अडला ते सांगतो. इंटरनेट लागत नाही.

हाताने बदललेल्या ओळींत मला बहुतेक तीनच गोष्टी सापडतात. पहिली, व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून उतरवलेली वाकडी अवतरणचिन्हं. एक्सएमएलला सरळ उभीच लागतात. दुसरी, रंगाच्या सहा खुणांमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ओ. रंग शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढ्यांतूनच बनतो. यात फाइल मोडत नाही, ब्राउझरही गप्प राहतो, फक्त रंग चुकतो, म्हणून ती नजरेनेच पकडावी लागते. तिसरी खास आपली. मसुदा टाइप करून कळफलक मराठीवरच राहिला आणि फॉन्टच्या आकारात देवनागरी १४ पडला. आपल्याला तो चौदा दिसतो, एडिटरला तो आकडाच वाटत नाही. कॉन्फिगमधला प्रत्येक अंक इंग्रजी हवा. मी एकदा यावर अर्धा तास घालवला आहे. शेजारी बसलेल्या आठवीतल्या पोरीने बोट ठेवलं, "सर, हा चौदा मराठीतला आहे जी."

फाइल रिकामी, शून्य बाइटची असेल, किंवा दुसऱ्या मशीनवर नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडल्यावर काळ्या चौकटीतली एन, यू, एल ही तीन अक्षरं ओळीने शेकडो वेळा दिसली, तर ती हाताने सुधारण्यात अर्थ नाही. आत शून्यं भरली आहेत, मजकूर गेला. एडिटर बंद करा, खराब स्टायलर्स फाइलचं नाव बदला आणि एडिटर उघडा. जिथे तो बसवला आहे तिथल्या नमुना फाइलवरून तो नवी कोरी बनवतो. मग पेन ड्राइव्हवरची तुमची चांगली नक्कल असेल तर ती जागेवर ठेवा. लँग्ज डॉट एक्सएमएलबद्दल तक्रार आली तर एडिटर स्वतःच विचारतो की परत मिळवू का. हो म्हणा.

शून्यं दिसली की पुढचा वीजेचा भाग वाचल्याशिवाय काम संपवू नका.

मराठीच बिघडतं तेव्हा

चौकोन दिसत असतील तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही आणि बदली फॉन्टही मिळाला नाही. जुन्या कॉन्फिगमध्ये लोक मंगल लिहून ठेवतात. विंडोज १० मध्ये मंगल हा ऐच्छिक भाग झाला. नव्याने टाकलेल्या विंडोजवर तो असेलच असं नाही, भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इंटरनेटवरून येतो. निर्मला यूआय मात्र विंडोज ८ पासून सोबतच आहे. फॉन्टचं नाव तंतोतंत लिहा. एक अक्षर चुकलं तर विंडोज गुपचूप दुसराच फॉन्ट लावते.

एका लॉगिनवर दिसतो, दुसऱ्यावर नाही? विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर उजवी टिचकी मारून नुसतं 'इन्स्टॉल' केलं की तो त्याच खात्यापुरता बसतो. खाली 'सगळ्यांसाठी' असा वेगळा पर्याय असतो.

सुटे काने-मात्रा दिसत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये 'डायरेक्टराइट' वापरा अशी चौकट आहे. ती लावून एडिटर पुन्हा सुरू करा.

भलतीच चिन्हं असतील तर नीट बघा. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए, त्यामागे चारही कोपऱ्यांना काड्या फुटलेलं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, आणि हेच पुन्हा पुन्हा, असं दिसतंय? मग फॉन्टचा काही दोष नाही. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि एडिटर ते एकेक सुटं वाचतोय. एन्कोडिंग मेनूतून यूटीएफ-८ निवडा. 'कन्व्हर्ट'वाले पर्याय खाली वेगळे आहेत, त्यांना हात लावू नका, नाहीतर तोच कचरा कायमचा पक्का होतो.

आणि मजकुरात इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी असेल तर तो मजकूर बहुधा कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीतला आहे. पत्रिका छापणाऱ्यांच्या फाइली अशाच येतात. आत खरंच इंग्रजी खुणा आहेत, मराठी फक्त फॉन्टने चढवलेलं रूप आहे. कोणतीही थीम किंवा सेटिंग हे सुधारणार नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं.

व्हीएस कोड हा दुसरा एडिटर वापरणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी थोडक्यात. तुमची फाइल सेटिंग्ज डॉट जेसन. तिच्यातला बदल लागत नसेल तर उघडलेल्या प्रोजेक्टच्या आत व्हीएसकोड नावाचं फोल्डर आणि त्यात दुसरी सेटिंग्ज डॉट जेसन आहे का बघा, तिचं चालतं. थीम दिवसा एक, रात्री एक होत असेल तर विंडोजचा उजळ-गडद रंग ओळखण्याचा पर्याय बंद करा. फॉन्टच्या नावात मोकळी जागा असेल तर आतून एकेरी अवतरणचिन्हं लावा.

लाइन गेली की बिघडतं: आता खर्चाचं

फाइलमध्ये शून्यं का भरतात? डिस्कवर फाइली मांडायची विंडोजची एनटीएफएस पद्धत फाइलचं नाव, लांबी, जागा यांची नोंद जपून ठेवते. आतल्या मजकुराची तशी हमी देत नाही. लाइन गेली त्या क्षणी लांबी लिहून झाली असेल आणि मजकूर मेमरीतच असेल, तर मशीन उठल्यावर फाइल तेवढीच मोठी दिसते आणि आत काहीच नसतं. जूनच्या पहिल्या वावटळीत आमच्याकडे दिवसातून सात-आठ वेळा लाइन जाते-येते. कापसाच्या दिवसांत जिनिंगची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतो आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होते. ट्यूबलाइट फक्त डोळा मारते, म्हणून लाइन गेल्याचं लक्षातही येत नाही.

गुरुजींकडे पाचव्यांदा गेलो तेव्हा एडिटर उघडलाच नाही. "बाप्पा, मशीन सोडून टेबलाखाली काय पाहून रायला?" ते म्हणाले. यूपीएस बघत होतो. यूपीएस होता, चांगला ६०० व्हीएचा, बॅटरीही ठीक. मागे दोन सॉकेट. एकात मॉनिटर, दुसऱ्यात मोबाइलचा चार्जर. सीपीयू सरळ भिंतीत. लाइन गेली की पडदा चालू राहायचा, म्हणून कोणालाच शंका आली नाही. मशीन मात्र दर वेळी आपटायची.

म्हणून विकत घ्यायच्या आधी वायर हाताने धरून सॉकेटपर्यंत जा. मग एडिटर बंद ठेवून, सगळं सेव्ह करून, यूपीएसचं बटण बोर्डावरून बंद करून बघा. मशीन पाच मिनिटं तग धरत नसेल तर बॅटरी गेली. आमच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतली बॅटरी दोन वर्षं टिकली तरी खूप. बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची मिळते, अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते. यूपीएस नसेल आणि लगेच घेणं जमत नसेल तर निदान रंग लावून झाल्यावर एडिटर बंद करून उघडा आणि फोल्डरची नक्कल घ्या.

इथे थांबा

सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. मशीन बंद ठेवा, वायरमन बोलवा. घरातला एक बल्ब फार प्रखर आणि दुसरा मंद, पंखा एकदम जोरात, असं दिसलं तर न्यूट्रल सुटल्याची शक्यता मोठी. २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास चढू शकतो. मेन स्विच पाडा, मग फोन करा. यात स्वतः पेचकस घालायचा नाही, मी घालत नाही.

लाइन गेलेली नसतानाही फाइली मोडत असतील, एडिटरसोबत वर्डच्या, फोटोंच्याही, तर संशय डिस्कवर. क्रिस्टल डिस्क इन्फो हा फुकटचा प्रोग्राम चालवा. निळं आणि 'गुड' दिसलं तर ठीक. पिवळं 'कॉशन' किंवा लाल दिसलं, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर डिस्क दुरुस्त करणारी चेकडिस्क कमांड चालवू नका. मरत्या डिस्कला ती सगळीकडे फिरवते आणि राहिलेलंही जातं. आधी कामाच्या फाइली पेन ड्राइव्हवर काढा. टक-टक असेल तर तेही नको, मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.

रिपेअरवाल्याकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: 'डीबग इन्फो'मधला मजकूर किंवा त्याचा फोटो, कोणती थीम चालू होती, शेवटचं बरोबर कधी दिसलं, त्यानंतर लाइन किती वेळा गेली, आणि सीपीयूची वायर कोणत्या सॉकेटात आहे. शेवटची ओळ वाचून तो हसेल, पण बघेल.